मत्स्यटाकीच्या नळ्यांसाठी भिंतीला पाडलेले भोक पुन्हा पुन्हा हवा का सोडते आणि ते कायमचे कसे बंद करावे

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. टाकी बैठकीच्या खोलीत असते. सम्प (टाकीतले पाणी उतरून जिथे गाळले जाते ती दुसरी टाकी), पंप, चिलर (पाणी गार करणारे यंत्र), स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण वेगळी करणारे उपकरण) आणि एअर पंप भिंतीपलीकडच्या लहान खोलीत ठेवलेले असतात, आणि दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या नळ्या व वायरी भिंतीतल्या एका भोकातून जातात. काम पूर्ण होते त्या दिवशी भोक सिलिकॉनने किंवा फोमने भरलेले असते आणि ते पक्के वाटते. काही महिन्यांनी पंपाची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागते, टाकीमागच्या भिंतीचा रंग फुगतो, सम्पचा ओलसर वास येतो, किंवा वातानुकूलित खोली पूर्वीइतक्या लवकर गार होत नाही. मग आणखी सिलिकॉन भरले जाते, आणि पुढे एखादी नळी बदलायची वेळ आली की ते सगळे खरवडून काम पहिल्यापासून करावे लागते.

यात दोष काम करणाऱ्याच्या हाताचा किंवा सिलिकॉनच्या प्रतीचा क्वचितच असतो. हलणाऱ्या, दबणाऱ्या आणि अधूनमधून बदलाव्या लागणाऱ्या वस्तूंभोवती आपण कायमचा भराव घालतो, हे मूळ कारण आहे. म्हणून भिंतीत जे काही कायम राहणार आहे ते कडक आणि अचल असावे व तेवढेच भिंतीशी कायमचे सांधावे. जे बदलणार आहे त्या प्रत्येक नळीला आणि वायरीला मात्र स्वतःचे, सुटे करता येणारे सील द्यावे. पुढचे सर्व विवेचन याच एका तत्त्वाचा तपशील आहे.

हवा नेमकी किती जाते

बाहेरून लहान दिसणाऱ्या भोकातून किती हवा जाते याचा अंदाज बहुतेकांना नसतो, आणि म्हणूनच हे काम शेवटी घाईत उरकले जाते. ५० मिलिमीटर व्यासाच्या भोकाचे क्षेत्रफळ सुमारे १९६० चौरस मिलिमीटर असते. त्यातून १६ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या दोन नळ्या नेल्या, तर त्या सुमारे ४०० चौरस मिलिमीटर जागा व्यापतात आणि साधारण १५६० चौरस मिलिमीटर जागा मोकळी राहते. बंद खोलीत एक्झॉस्ट पंखा चालू असेल, तर भिंतीच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबात ५ पास्कलचा फरक सहज पडू शकतो. एवढ्या फरकाने या मोकळ्या जागेतून तासाला सुमारे ९ ते १० घनमीटर हवा वाहते.

आता या हवेबरोबर जाणाऱ्या बाष्पाचा विचार करू. सम्प असलेल्या खोलीत तापमान २७ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम बाष्प असते. वातानुकूलित खोलीत २५ अंश आणि ५० टक्के असताना ते ११ ते १२ ग्रॅम असते. म्हणजे भोकातून आलेला प्रत्येक घनमीटर साधारण ९ ग्रॅम जादा पाणी घेऊन येतो, आणि पंखा व वातानुकूलन सतत चालू राहिल्यास दिवसाकाठी हे पाणी सुमारे २ लिटर होते. त्या दमट हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे भिंतीचा किंवा पाइपाचा जो भाग त्याहून गार असेल तिथे पाणी सुटते. गिलाव्यातून आरपार झिरपणारे बाष्प याच्या तुलनेत अगदी थोडे असते. टाकीमागच्या भिंतीचा रंग फुगत असेल, तर भिंतीला जलरोधक रंग देण्यापूर्वी भोक तपासावे असे मी आग्रहाने सांगतो.

भोक भरल्यावर मोठी गळती थांबते खरी, परंतु १६ मिलिमीटरच्या नळीभोवती फक्त १ मिलिमीटरची गोल फट राहिली तरी ती ५३ चौरस मिलिमीटर होते. अशा चार नळ्या असतील तर २०० चौरस मिलिमीटरहून अधिक जागा उघडी राहते, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. आवाजाला तर त्याहूनही कमी जागा पुरते.

भराव का सुटतो

पहिले कारण चिकटण्याचे आहे. आरओ यंत्राच्या पांढऱ्या पॉलिइथिलीन नळीला आणि पॉलिप्रॉपिलीनच्या जोडण्यांना सिलिकॉन सीलंट नीट धरत नाही. मऊ पीव्हीसी नळीला ते सुरुवातीला धरते, पण त्या नळीतले मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते आणि पकड सुटते. भिंतीच्या बाजूलाही अडचण असते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते. सिमेंट अल्कधर्मी असल्याने त्या दोघांची अभिक्रिया होऊन सांध्याच्या मुळाशी भुसभुशीत थर तयार होतो. सिमेंटच्या किंवा गिलाव्याच्या कडेला तटस्थ प्रकारचे, म्हणजे असा आंबट वास नसलेले, सिलिकॉन वापरावे आणि त्याआधी कड घासून, धूळ पूर्ण झटकून ती कोरडी करावी. धुळीवर घातलेला कोणताही सीलंट धुळीलाच चिकटतो.

दुसरे कारण जाडीचे. एका ट्यूबमधून येणारे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जाते, आणि त्याचा वेग दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर असतो. १०० मिलिमीटर खोल भोक सिलिकॉनने ठासून भरले, तर बाहेर कातडी तयार होते आणि आतला गाभा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. तेवढ्या काळात कोणी नळी ओढली की आतला सांधा फाटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. फोमचेही तसेच आहे. डब्यातून येणाऱ्या एकघटकी पॉलियुरेथेन फोमला पक्के होण्यासाठी ओलावा लागतो, म्हणून खोल भोकाच्या मध्यभागी तो अर्धवट राहतो. शिवाय फुगताना तो मऊ नळी चेपतो, आणि कडेला बाहेर आलेला भाग सुरीने कापला की त्याचे पेशीसारखे कप्पे उघडे पडतात. ४ मिलिमीटर आतील व्यासाची एअर लाइन फोममध्ये दबल्यामुळे टाकीतले बुडबुडे कमी झाले आणि मालकाने नवा एअर पंप आणला, असे घडायला वेळ लागत नाही.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण हालचालीचे आहे. पंप चालू असताना मऊ नळी सतत थरथरते. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर) साफ करायला काढला की तीच नळी वाकवली आणि ओढली जाते. पाण्याच्या तापमानानुसार ती किंचित फुगते व आकसते. भिंत मात्र जागची हलत नाही. या दोघांमध्ये घातलेला कडक किंवा अर्धकडक भराव नळीच्या बाजूने सुटणार हे ठरलेलेच असते, आणि तो सुटतो तेव्हा नळीभोवती केसाएवढी फट संपूर्ण लांबीभर तयार होते. वरून सिलिकॉनचा आणखी एक थर दिल्याने ही फट बुजत नाही. फक्त तिचे तोंड काही आठवडे झाकले जाते.

गळतीची जागा शोधणे

काहीही खरवडण्यापूर्वी हवा कोणत्या दिशेने आणि कशामुळे वाहते ते समजून घ्यावे. भोकावर पातळ प्लास्टिकचा कागद सैलसर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. नळ्यांमुळे सपाट बसत नसेल तर पिशवीसारखा गुंडाळून नळ्यांवर व भिंतीवर चिकटवावा. त्यानंतर एक्झॉस्ट पंखा, वातानुकूलन यंत्र आणि दारे एकेक करून बदलत जावे. कागद खोलीच्या बाजूला फुगला तर हवा आत येते, भोकाकडे ओढला गेला तर बाहेर जाते. ज्या उपकरणाने कागद सर्वाधिक हलतो ते उपकरण पुढच्या सर्व तपासणीत चालू ठेवावे, कारण दाबातला फरकच नसेल तर धुराची तपासणी काहीच दाखवत नाही. भोक बंद असल्याची खात्री पटली आणि रात्री पंखा लावल्यावर वास पुन्हा आला, या तक्रारीचे उत्तर इथेच असते.

मग कागद काढून उदबत्तीचा धूर भोकाच्या कडेने सावकाश फिरवावा. प्रथम भराव आणि भिंत यांच्या सांध्याजवळ, नंतर प्रत्येक नळीभोवती, आणि शेवटी भोकापासून दूर असलेल्या जागी, म्हणजे त्याच भिंतीवरच्या स्विचबोर्डाभोवती व तळाच्या पट्टीजवळ. फोम व सुक्या प्लास्टिकजवळ जळते टोक नेऊ नये, आणि टाकीचे झाकण त्या वेळी बंद ठेवावे. अंधारात पलीकडून विजेरी लावण्याची पद्धतही लोक वापरतात. ती मोठ्या, सरळ फटी दाखवते, पण वळणावळणाने जाणारी हवा तिला सापडत नाही.

स्विचबोर्डातून धूर हलत असेल, तर भिंत पोकळ आहे असे समजावे. पोकळ ब्लॉकच्या किंवा जिप्सम बोर्डाच्या भिंतीत दोन्ही पृष्ठभाग वरवर बंद करूनही हवा मधल्या पोकळीतून फिरते: सम्पच्या बाजूने पोकळीत शिरते आणि दोन मीटर अंतरावरच्या बोर्डातून बैठकीत बाहेर पडते. अशा भिंतीत आरपार स्लीव्ह, म्हणजे कडक पाइप, बसवल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. शिवाय दमट हवा पोकळीत राहिली तर आतल्या आत बुरशी धरते आणि ती दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

सगळे सांधे ठीक आहेत आणि तरीही वास येतो, तेव्हा नळ्यांच्या बाहेर पाहणे थांबवून त्यांच्या आत पाहावे. हा भाग हमखास निसटतो. वायरींसाठी घातलेला वळ्यावळ्यांचा कंड्युट बाहेरून भिंतीशी उत्तम सांधलेला असतो, पण त्याच्या आत वायरींच्या अवतीभोवती पोकळी मोकळी असते आणि तो स्वतःच हवेचा पाइप बनतो. टाकीतले वरचे पाणी सम्पकडे उतरवणाऱ्या ओव्हरफ्लो पाइपाचेही तेच होते. अर्धवट भरून वाहणाऱ्या पाइपात पाण्याच्या वर हवा असते. आणि आपत्कालीन म्हणून ठेवलेला कोरडा ओव्हरफ्लो पाइप तर वर्षभर पूर्ण रिकामा, दोन्ही टोकांना उघडा असतो. ३२ मिलिमीटर आतील व्यासाचा असा पाइप म्हणजे ८०० चौरस मिलिमीटरची खुली खिडकी. सम्पचा आवाज टाकीच्या मागच्या कोपऱ्यातून येतो असे वाटत असेल, तर तो बहुधा याच वाटेने येतो.

कायमचा उपाय: स्लीव्ह, पट्टी आणि प्रत्येकाला स्वतंत्र सील

भोक पाडण्याआधी भिंतीत दडलेल्या वायरी, पाण्याचे पाइप आणि सळ्या शोधून घ्याव्यात, आणि भिंत वजन पेलणारी असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये. पाण्याच्या नळ्यांसाठी एक आणि विजेच्या वायरींसाठी दुसरे, अशी दोन स्वतंत्र भोके ठेवावीत. वायरींचे भोक शक्यतो वरच्या बाजूला असावे. एका मोठ्या भोकात सगळे कोंबण्याची सोय मोहाची असली तरी ती पुढे महागात पडते, कारण गळकी नळी आणि वायर एकाच अंधाऱ्या जागेत शेजारी राहतात.

प्रत्येक भोकात भिंतीच्या पूर्ण जाडीइतका आणि दोन्ही बाजूंना थोडा बाहेर येणारा कडक पीव्हीसी पाइप, म्हणजे स्लीव्ह, बसवावा. त्याला सम्पच्या बाजूला किंचित उतार द्यावा. १०० मिलिमीटरला २ मिलिमीटर एवढा पुरेसा आहे. पुढे कधी एखादा जोड ठिबकला, तर पाणी बैठकीतल्या भिंतीवर येण्याऐवजी ओल्या बाजूला जाते. स्लीव्ह आणि भिंत यांच्यामध्ये सर्व बाजूंनी ६ ते १० मिलिमीटरची फट ठेवून तिच्यात बंद पेशींच्या फोमची गोल दोरी आत दाबावी आणि तिच्यावर तटस्थ सिलिकॉनचा थर द्यावा. थराची खोली फटीच्या रुंदीच्या साधारण निम्मी, पण ६ मिलिमीटरहून कमी नसावी. दोरीमुळे सिलिकॉनला मागे टेकू मिळतो आणि ते केवळ दोन बाजूंना चिकटते, त्यामुळे ताण आल्यावर ते ताणले जाते, फाटत नाही. हाच सांधा भिंतीच्या दुसऱ्या पृष्ठभागावरही करावा. पोकळ भिंतीत दोन्ही बाजूंचा सांधा अनिवार्य आहे.

या स्लीव्हची तोंडे कशाने बंद करायची, हा कामाचा गाभा आहे. माझी पसंती ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसी अथवा ॲक्रिलिक पट्टीला आहे. पट्टीमागे बंद पेशींच्या रबर फोमची गॅस्केट लावून ती स्क्रूने भिंतीवर आवळावी. गॅस्केटने स्लीव्हच्या तोंडाभोवती पूर्ण वळसा घेतला पाहिजे. साधा स्पंज इथे चालत नाही, कारण त्याच्या पेशी एकमेकींत उघडणाऱ्या असल्याने हवा त्यातून आरामात जाते. वायरींसाठी मिळणाऱ्या ब्रशच्या पट्ट्यांबद्दलही हेच सांगावे लागेल: त्या धूळ आणि मोठा झोत अडवतात, पण हवाबंद नसतात.

पट्टीत प्रत्येक वायरीसाठी एक केबल ग्लँड, म्हणजे आवळल्यावर आतले रबर वायरीभोवती घट्ट बसते असा जोड, बसवावा. एम २० आकाराचा ग्लँड साधारण ६ ते १२ मिलिमीटर जाडीच्या वायरीला आवळतो. त्याहून बारीक वायरीला एम १२ किंवा एम १६ घ्यावा, कारण मोठ्या ग्लँडमध्ये बारीक वायर टेपने जाड करून बसवली की टेपच्या थरांमधून हवा जाते. एका ग्लँडमध्ये दोन वायरी कधीही घालू नयेत. दोन गोल वायरींच्या मधली फट गोल रबर भरू शकत नाही. दोन वायरी एकत्र न्यायच्याच असतील तर अनेक छिद्रांचे रबर असलेला ग्लँड मिळतो. पट्टीत एक-दोन ग्लँड जादा बसवून त्यांत आंधळे बूच लावून ठेवावेत, म्हणजे पुढे नवी वायर आली तरी भिंतीला हात लावावा लागत नाही.

पाण्याच्या नळ्यांसाठी ग्लँड वापरता येतो, परंतु मऊ नळी आवळली की तिचा आतला व्यास कमी होतो. तसे करायचेच असेल तर ग्लँडच्या जागी नळीच्या आत कडक नळीचा लहान तुकडा सरकवून ठेवावा. याहून पुष्कळ चांगला मार्ग म्हणजे मऊ नळी भिंतीपर्यंत आणून तिथेच थांबवणे. पट्टीत टँक निपल (पट्टीच्या दोन्ही बाजूंनी आवळून बसणारा पाइपाचा जोड) बसवावे, भिंतीतून कडक पाइप न्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना बॉल व्हॉल्व्ह, युनियन (फिरवून सुटा करता येणारा जोड) व नळी चढवायचे टोक द्यावे. आता पंपाची थरथर आणि ओढाताण भिंतीच्या बाहेरच्या नळीपुरती राहते. नळी जुनी झाली तर व्हॉल्व्ह बंद करून ती बदलता येते आणि हवेच्या सीलला धक्का लागत नाही. कडक पाइपाचा आतील व्यास मऊ नळीपेक्षा कमी नसावा आणि भिंतीजवळ काटकोनी एल्बो शक्यतो टाळावेत, नाहीतर प्रवाह घटतो. युनियनमुळे पाइप सुटा करून आतला चिकट थर ब्रशने काढता येतो, ही सोय पहिल्याच साफसफाईत पटते.

जोडणीचे टोक मोठे असलेल्या वायरी

पाण्याचा पीएच किंवा तापमान मोजणाऱ्या प्रोबची वायर ३ ते ५ मिलिमीटरची असते, पण तिच्या टोकाचा बीएनसी कनेक्टर सुमारे १५ मिलिमीटरचा असतो आणि पंपाच्या वायरीचा प्लग त्याहून मोठा. या एका अडचणीमुळे लोक वायरीच्या दसपट मोठे भोक पाडतात. प्रोबची वायर कापून पुन्हा जोडू नये, कारण पीएच प्रोबचा संकेत अतिशय क्षीण असतो आणि जोडावर थोडासा ओलावा आला तरी वाचन भरकटते. पंपाची मूळ वायर कापली तर तिचे जलरोधक संरक्षण आणि हमी दोन्ही जाऊ शकतात. इथे दोन अर्ध्यांत उघडणारा ग्लँड किंवा उभी चीर दिलेले रबरी बूच वापरावे: मोठ्या छिद्रातून कनेक्टर आधी पलीकडे न्यावा, मग वायर चिरेतून बुचाच्या मधल्या छिद्रात बसवावी आणि बूच दाबून चढवावे. बुचाच्या चिरेवर न वाळणाऱ्या पुट्टीची पातळ पट्टी फिरवली की राहिलेली वाट बंद होते.

वायर भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल आणि ग्लँडपर्यंत पोहोचणार नाही. भिंतीच्या आत प्लग, सॉकेट किंवा कोणताही जोड ठेवू नये. टाकीच्या सर्व विद्युत उपकरणांवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असणे हा वेगळा विषय असला तरी तो या कामाच्या वेळी तपासून घ्यावा.

कंड्युट आधीच बसवलेला असेल तर तो काढण्याची गरज नाही. त्याच्या दोन्ही तोंडांत, निदान दमट बाजूच्या तोंडात, न वाळणारी पुट्टी वायरींच्या मध्येमध्ये दाबून २५ ते ३० मिलिमीटर खोल भरावी. वायरी एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याच्या स्वरूपात असतील तर आधी त्या सुट्या कराव्यात. गठ्ठ्याभोवती लावलेली पुट्टी गठ्ठ्याच्या आतली पोकळी भरत नाही.

ओव्हरफ्लो पाइप आणि पाण्याचे सील

ओव्हरफ्लो पाइपाला आतून कोणताही भराव घालता येत नाही, हे सांगायला नको. त्याचे सील पाण्यानेच करावे लागते. पाइपाचे सम्पमधले टोक पाण्याच्या पातळीखाली २ सेंटिमीटर बुडवले की तेवढ्या पाण्याचा स्तंभ सुमारे २०० पास्कल दाब अडवतो. दोन खोल्यांमधला फरक काही पास्कलांचाच असल्याने हे सील भरपूर आहे. अधिक खोल बुडवू नये, कारण पाइपात अडकलेल्या हवेला बाहेर पडणे कठीण होते आणि पाणी गुडगुड आवाज करत धक्क्यांनी उतरते. कोरड्या आपत्कालीन पाइपाचे टोकही असेच किंचित बुडवता येते, मात्र त्यानंतर मुख्य पाइप मुद्दाम बंद करून आपत्कालीन पाइप पूर्ण प्रवाह विनाअडथळा वाहून नेतो की नाही, हे उभे राहून तपासलेच पाहिजे. टाकी ओसंडू नये हे त्या पाइपाचे पहिले काम आहे, आणि हवा अडवण्यासाठी त्यात तडजोड करणे मला मान्य नाही.

ही टोके सम्पच्या ज्या कप्प्यातली पातळी मधल्या आडभिंतीने ठरलेली असते, त्या कप्प्यात असावीत. बाष्पीभवनाने पाणी कमी होते ते पंपाच्या कप्प्यात. टोक तिथे असेल तर दोन-तीन दिवसांत ते उघडे पडते, पाणी भरले की पुन्हा बुडते, आणि वास कधी येतो व कधी येत नाही असे कोडे तयार होते. या पाइपात सिंकखाली असतो तसा वळणाचा ट्रॅप बसवण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो. तो घेऊ नये. त्यात गाळ साचतो आणि प्रवाह मंदावतो.

चिलर, एअर लाइन आणि ओझोन

चिलरकडून येणाऱ्या गार नळीवर दव साठू नये म्हणून तिला बंद पेशींच्या फोमचे आवरण असते. हे आवरण भिंतीपाशी कापून नळी उघडी आत नेली, तर स्लीव्हच्या आत पाणी सुटते. आवरण भिंतीतून अखंड न्यावे, आणि सील दोन ठिकाणी करावे: आवरण व स्लीव्ह यांच्यात, तसेच आवरणाच्या टोकाशी आवरण व नळी यांच्यात. दुसरा सांधा राहिला तर हवा आवरणाखालून सरकते आणि बाहेरचे उत्तम सील निरुपयोगी ठरते.

एअर लाइनच्या ६ मिलिमीटर नळीला बारीक ग्लँड किंवा दोन टोकांचे पट्टीत बसणारे जोड पुरेसे आहेत. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर टाकीच्या बाजूला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) हवाच, अन्यथा वीज गेल्यावर पाणी नळीतून उलट खाली येते. भोक पूर्ण बंद केल्यावरही वास येत राहिला, तर एअर पंप हवा कुठून घेतो ते पाहावे. तो सम्पच्या कोंदट खोलीतली हवा अखंड टाकीत सोडत असतो. प्रमाण अल्प असले तरी रंगाचा किंवा फिनाइलचा वास त्यातून येतो, आणि ते माशांसाठीही अपायकारक आहे.

स्किमरला ओझोन जोडलेला असेल तर त्या बाजूच्या गॅस्केट आणि बुचे ईपीडीएम किंवा सिलिकॉन रबराची घ्यावीत. नैसर्गिक रबर आणि नायट्राइल ओझोनमुळे तडकतात.

पलीकडची खोली कोंदू नये

भोक खरोखर हवाबंद झाले की त्याचा परिणाम सम्पच्या खोलीवर होतो, आणि तो आधीच विचारात घ्यावा लागतो. आतापर्यंत त्या खोलीतली उष्णता आणि बाष्प नकळत बैठकीत निघून जात होते. चिलर पाण्यातली उष्णता काढून त्याच खोलीत सोडतो, त्यात त्याच्या स्वतःच्या मोटारीची भर पडते. खोली बंद राहिली तर तो स्वतःच्याच गरम हवेत चालत राहतो आणि पाणी गार होणे थांबते. म्हणून त्या खोलीला बाहेरच्या हवेशी जोडणारा एक्झॉस्ट पंखा आणि ताजी हवा येण्याची स्वतंत्र वाट हवी. वनस्पतींच्या टाकीसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर तिथे ठेवलेला असेल तर ही गरज सोयीपुरती राहत नाही, ती सुरक्षिततेची होते: हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तळाशी साचतो आणि त्याला वास नसतो. हवा बाहेर काढण्याची वाट जमिनीजवळही असावी.

दोन घरांमधली, जिन्यालगतची किंवा वाहनतळालगतची भिंत आग अडवण्यासाठी बांधलेली असू शकते. अशा भिंतीत साधा पॉलियुरेथेन फोम भरणे धोक्याचे आहे, कारण तो जळतो आणि प्लास्टिकची स्लीव्ह वितळून मोकळे भोक उरते. तिथे उष्णतेने फुगून वाट बंद करणारा अग्निरोधक सीलंट किंवा कॉलर, भिंतीला ठरवून दिलेल्या अग्निरोधक क्षमतेप्रमाणे, वापरावा लागतो.

भिंत पुन्हा फोडणे शक्य नसेल तेव्हा

भाड्याच्या जागेत किंवा चालू टाकीमागे हे सगळे करता येत नाही. अशा वेळी जुना फोम भिंतीच्या पृष्ठभागापासून ३० ते ४० मिलिमीटर आत कोरून काढावा, नळ्या एकमेकींपासून सुट्या करून त्यांच्यात बोटाएवढे अंतर राहील अशा बांधाव्यात, आणि त्या पोकळीत न वाळणारी पुट्टी लहान लहान गोळ्या करून प्रत्येक नळीच्या मागेपुढे दाबत भरावी. ही पुट्टी वर्षानुवर्षे मऊ राहते, नळी हलली की तिच्याबरोबर सरकते, आणि नळी बदलायची असेल तर हाताने काढून पुन्हा लावता येते. नळ्या भिंतीपासून एक वीत अंतरावर क्लिपने पक्क्या कराव्यात, म्हणजे ओढ पुट्टीपर्यंत पोहोचणार नाही. दिसायला हे सुबक नसते, पण घट्ट वाळणाऱ्या कोणत्याही भरावापेक्षा ते अधिक काळ टिकते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत नळीच्या कडेने मिठाची पांढरी रेघ पुट्टीवर उमटू लागली, तर पाणी कुठूनतरी नळीवरून सरकते आहे. आधी तो जोड शोधावा, मीठ गोड्या पाण्याने पुसावे आणि मगच पुट्टी बदलावी.

काम संपल्यावर धुराची तपासणी पंखा व वातानुकूलन चालू ठेवून, पंप सुरू असताना आणि बंद असताना, अशी दोन्ही वेळा करावी. पंप बंद केल्यावरच धूर हलत असेल तर वाट ओव्हरफ्लो पाइपाच्या आतून आहे. पंप चालू असतानाच हलत असेल तर थरथरणाऱ्या नळीचे सील सैल आहे. ग्लँडची रबरे पहिल्या काही आठवड्यांत थोडी बसतात, म्हणून महिनाभराने प्रत्येक ग्लँड हाताने तपासून सैल वाटला तर पाव फेरा आवळावा.